उघड्यावरचं खेचर

नडीन पर्सेलला कोणी "हे जमणार नाही" म्हटलं की तिचा अर्धा निर्णय तिथल्या तिथं होऊन जायचा. उरलेला अर्धा ती घरी जाऊन, कॉफी पीत, त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत घ्यायची. सॉरेल खोऱ्यात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दर वर्षी कोणी ना कोणी शहाणा तिच्या फाटकाशी थांबून सांगायचाच, की बाई, या ओल्या हवेत उशिराचा गांजा पिकत नाही.

आणि खरं सांगायचं तर शहाणे चुकत नव्हते. आमचं खोरं समुद्राला लागून. उन्हाळ्यात दुपारपर्यंत धुकं बसलेलं आणि ऑक्टोबर लागला की पाऊस. कॅलिफोर्निया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं ऊन येतं. त्यांनी एकदा आमच्या खोऱ्यात येऊन टॉवेल वाळवून दाखवावा. गांजाचं झाड इथं वाढतं झकास, माणसाच्या डोक्यावर जातं. पण तुरे भरून गच्च झाले की त्यांच्या पोटात ओल धरते. बाहेरून तुरा ठणठणीत दिसतो, फक्त मधलं एखादं पान पिवळं पडून लोंबतं. ते ओढावं तर अलगद हातात येतं, आणि आत बघावं तर राखाडी लव आणि तपकिरी चिखल. ही कूज. आज एका तुऱ्याला, परवा फांदीला, आणि मग झाडच्या झाड टाकून द्यायचं.

म्हणून खोऱ्यातल्या लोकांनी केव्हाच लवकरची वाणं धरली होती. सप्टेंबरात कापायचं, शेडमध्ये उलटं टांगायचं, पाऊस येईल तेव्हा खिडकीतून बघायचं. नडीनकडं मात्र खेचर होतं.

खेचर हे वाणाचं नाव. ते तिच्या वॉल्टनं तयार केलेलं. वॉल्ट तिचा नवरा. म्हणजे लग्न त्यांनी कधी केलं नाही. आमचं आम्हाला ठाऊक आहे, सरकारला कशाला सांगायचं, असं दोघांचंही मत. ऐन तरुणपणी एका खटारा व्हॅनमधून दोघं इथं आले, शेळ्या पाळल्या, त्या कोल्ह्यांनी खाल्ल्या, बटाटे लावले, ते उंदरांनी खाल्ले, आणि मग सगळ्यांनी जे लावलं तेच त्यांनीही लावलं. वॉल्टला बियांचा नाद. कुठून कुठून आलेल्या बिया एकमेकींत मिसळत, त्यातली निवडत, आयुष्याची उमेदीची वर्षं घालवून त्यानं हे वाण केलं. उंच, सडसडीत, तुरे विरळ आणि लांब, वास संत्र्याच्या सालीचा आणि ओल्या लाकडाचा. आणि अडेल म्हणजे किती? बाकीच्यांची झाडं कापून, वाळून, बरण्यांत जाऊन बसली तरी हे आपलं हिरवंगार उभं. "ढकला, ओढा, हे काही हलायचं नाही," असं ओढ्यापलीकडचा हॉलिस ट्रास्क एकदा वैतागून म्हणाला आणि बारसं झालं.

वॉल्ट होता तोवर तो जंगलात जागोजागी शंभर रोपं खुपसायचा. ऐंशी कुजायची, उरलेल्यांतून तो बी धरायचा आणि शीळ घालत घरी यायचा. तो गेला त्याला आठ वर्षं झाली होती. मागं राहिली नडीन, खोऱ्याबाहेर नोकरीला गेलेली मुलगी जुनिपर, आणि फडताळात बियांची एक बरणी. नडीन दर वर्षी त्यातल्या थोड्या लावायची आणि दर वर्षी कूज बी धरायच्या आधीच झाडं खायची. सलग आठ हंगाम असे गेले. बियाही म्हाताऱ्या होत चालल्या होत्या.

त्या वसंतात तिनं बरणी पालथी केली. होतं नव्हतं ते सगळं बी कोमट पाण्यात भिजत घातलं. चार उगवलं. बाकीच्या बिया नुसत्या फुगून बसल्या आणि मग कुजून बुडाल्या. चार रोपं म्हणजे त्यातलं एखादं नर धरलं तर तीन माद्या, आणि त्यांनी या शरदात पक्कं बी दिलं नाही तर खेचर संपलं. पुन्हा कुठून आणायचं? वॉल्टनं कशात काय मिसळलं होतं ते वॉल्टलाच ठाऊक, आणि तो सांगायला नव्हता.

जुनिपर रविवारी आली तेव्हा चार कुंड्या खिडकीत होत्या. जुनिपर डोंगरापलीकडच्या गावात एका रोपवाटिकेत कामाला होती आणि तिला सगळं माहीत असायचं, निदान तिचा तसा समज होता.

"आई, पॉलिहाऊस घाल. पंखे लाव. मी माणसं पाठवते."

"घातलं होतं की मागं. आतून असं टपटपत होतं, की मला वाटलं बाहेर ऊन आणि आत पाऊस पडतोय."

"कारण तू दोन्ही बाजू बंद ठेवल्या होत्यास."

"उघडल्या तर पॉलिहाऊस कशाला म्हणायचं त्याला? चार काठ्यांवर ताडपत्री!"

"मग लवकरचं वाण लाव. मी देते. सप्टेंबरात मोकळी होशील."

"मोकळी होऊन काय करू? तुझ्यासारखी योगासनं?"

जुनिपरनं सुस्कारा सोडला आणि मक्याच्या भाकरीचा आणखी एक तुकडा घेतला. "आई, बाबा गेले. झाड म्हणजे बाबा नव्हेत."

"हे मला नको शिकवूस," नडीन म्हणाली. तिनं भाकरीचं ताट उचलून ओट्यावर नेलं. नडीनला मुलीचा राग आला नव्हता. पोरगी बरोबर बोलत होती आणि म्हणूनच ते लागलं होतं. वॉल्टच्या हातचं आता जिवंत असं तेवढंच उरलं होतं आणि ते आपल्या हातून मरणार होतं.

पुढच्याच आठवड्यात ती चादरी वाळत घालायला टेकडीवर गेली. घर झाडांत, पण कपडे वाळवायची दोरी वर, उघड्या धारेवर. घराशी चादर तीन दिवस ओली राहते हे पहिल्याच वर्षी लक्षात आल्यावर वॉल्टनं तिथं दोन खांब पुरले होते. डोंगराला तिथं खिंड आहे आणि समुद्रावरचा वारा तिच्यातून सरळ येतो. खाली खोरं धुक्यात बुडालेलं असलं तरी वर चादरी फडफडत असतात. नडीननं चिमटे लावले, उशीच्या खोळी लावल्या, आपल्या आतल्या कपड्यांची रांग लावली, आणि शेवटची खोळ लावेपर्यंत पहिली चादर अर्धी वाळलेली तिच्या हाताला लागली.

ती तिथंच थांबली. चादरीकडं बघितलं, मग खाली फरच्या दाट सूचिपर्णी झाडांच्या काठाकडं बघितलं, जिथं ती दर वर्षी रोपं लावायची. काठावरच्या सावलीत, अंगाला अंग लावून, वरून फांद्यांचं छप्पर.

"मूर्ख बाई!" ती मोठ्यानं म्हणाली. "चड्ड्या उघड्यावर आणि गांजा अंधारात!"

हे बाहेरच्याला विनोदी वाटेल. आमच्याकडं ते हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ज्यांनी ती वर्षं काढली त्यांना ठाऊक आहे. कापणीच्या तोंडावर सरकारी हेलिकॉप्टरं यायची, झाडांच्या शेंड्यांना लागतील इतकी खाली. म्हणून रोपं झाडाखाली लावायची, शेंडा वाकवून जमिनीशी बांधायचा, वरून झुडपं ओढून घ्यायची. शाळेत पोरांना विचारलं की बाबा काय करतात, तर पोरं "सुतारकाम" म्हणायची. आमच्या शाळेत सगळ्यांचेच बाप सुतार होते आणि एकाच्याही घराचं दार धड लागत नव्हतं. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की रस्त्यावरून दिसेल असं कोणी काही लावायचं नाही. कारण एकाचं दिसलं की हेलिकॉप्टर परत येतं आणि सगळ्यांचं जातं. तो नियम मोडणं म्हणजे शेजाऱ्याच्या गळ्यावर सुरी.

आता कायदा बदलून बरीच वर्षं झाली होती. नडीनकडं परवाना होता, भिंतीवर चौकटीत लावलेला. सगळ्यांकडंच होता. तरीही सगळे जण झाडांच्या काठालाच लावत होते, सावलीत, दाटीत, जिथं वारा फिरकत नाही. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. हात आपोआप तिकडंच जायचा. दुधानं तोंड पोळलेली माणसं आम्ही, ताक फुंकून पीत बसलो होतो. कूज हवेत असतेच, ती कुठं नसते? पण तिला बसायला गादी आम्हीच घालून देत होतो.

नडीननं चादरी तशाच फडफडत ठेवल्या, कुदळ आणली आणि दोरीच्या खाली, धारेवर, चार खड्डे खणले. एकमेकांपासून एवढे लांब, की मधून हातगाडी फिरावी. हरणांसाठी जाळी लावली. जाळीतून आरपार दिसत होतं. खालच्या वळणावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसत होतं.

जुलैपर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. मग खेचरांनी अंग धरलं.

दर महिन्याला अग्निशामक गाडीच्या शेडमध्ये सगळ्या खोऱ्याचं जेवण असायचं, ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणायचा. नडीननं राजम्याचं मोठं पातेलं नेलं होतं. ती ते टेबलावर ठेवते तोच हॉलिस समोर येऊन उभा राहिला. हॉलिस तिच्याच वयाचा, वॉल्टचा जिवाभावाचा दोस्त, गुडघ्यानं अधू, बोलायला फटकळ.

"नडीन, तुझी झाडं रस्त्यावरून दिसतात."

ताटल्यांचा आवाज थांबला.

"दिसणारच. म्हणून तर तिथं लावलीत."

"तू शुद्धीवर आहेस ना?"

"परवाना आहे माझ्याकडं, हॉलिस. तुझ्याकडंही आहे. काढून वाच एकदा, झोप चांगली लागेल."

"परवाना! ज्यांनी काल दिला ते उद्या काढून घेतील. तेव्हा ते यादी घेऊन बसणार नाहीत, रस्त्यावरून जाताना जे दिसेल तिथं आधी येतील. आणि एकदा खोऱ्यात आले की तुझ्या फाटकाशी थांबणार आहेत का?"

"येऊ देत. बसवीन, राजमा वाढीन."

कोणीतरी मागून म्हणालं, "आणि चोर आले तर?"

"चोर आले तर त्यांना बियांनी भरलेला गांजा मिळेल. ओढताना फटाके फुटतील मेल्यांच्या तोंडात."

दोघंतिघं हसले. हॉलिस हसला नाही. "डेलचं काय झालं ते तू बघितलंयस," तो म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता.

डेल त्याचा पंधरा वर्षांनी धाकटा भाऊ. नव्यानं आलेल्या एका कुटुंबानं हौसेनं रस्त्याकडेला चार झाडं लावली होती. हेलिकॉप्टर परत आलं, माणसं उतरली, आणि सगळ्या खोऱ्यातली झाडं कापून गेली. डेल तेव्हा आपल्या जागेवर सापडला. तुरुंगातून परत आला तो डेल राहिला नव्हता. बोलायचा नाही, दाराला पाठ करून बसायचा नाही, आणि एका थंडीत कुठंतरी वाळवंटातल्या गावी निघून गेला तो मेल्याचीच बातमी आली. नडीननं त्याला लहानपणी सायकल शिकवली होती.

"बघितलंय," ती म्हणाली. "डेलनं काय चोरलं होतं? कोणाला मारलं होतं? आपण कोणीच काही केलं नव्हतं, हॉलिस, आणि आयुष्यभर चोरासारखे झाडाखाली बसलो. वॉल्ट लपतच मेला. मी नाही लपणार. माझी झाडं उजेडात राहतील, ज्याला बघायचंय त्यानं डोळे भरून बघावं."

हॉलिसनं आपली सफरचंदाची पेस्ट्री झाकून परत उचलली आणि तो निघून गेला. आमच्याकडं रस्त्यात समोरून ओळखीची गाडी आली की स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायची रीत आहे. त्या दिवसापासून नडीनची गाडी दिसली की हॉलिसची बोटं जागची हलायची नाहीत. तिला ते फार लागलं. तिनं कोणाला सांगितलं नाही, पण त्याचा ट्रक येताना दिसला की ती आधीच स्वतःची बोटं उचलून ठेवायची, ठरवून, अगदी खिडकीच्या काचेजवळ.

आणि तिला भीती वाटत नव्हती असं कोणी समजू नये. ऑगस्टमध्ये आतल्या डोंगरांत वणवा लागला आणि पाणी नेणारी हेलिकॉप्टरं खोऱ्यावरून जायला लागली. पहिलं आलं तेव्हा नडीन धारेवर झाडांना पाणी घालत होती. नळी टाकून ती पळाली. सत्तरीला टेकलेली बाई उतारावरून धडपडत फरखाली गेली आणि बुंध्याला पाठ लावून, तोंडावर हात धरून बसली. आवाज लांब गेल्यावर तिला आपण काय केलं ते कळलं. तिला इतकी लाज वाटली, की रडू फुटलं, आणि मग इतका संताप आला, की रडू थांबलं. ती परत वर गेली. नळी वाहून खड्ड्यात चिखल झाला होता. दुसरं हेलिकॉप्टर आलं तेव्हा तिचे पाय थरथरत होते, पण ते झाडाशेजारीच थरथरत होते. तिनं मान वर करून बघितलं. खाली लोंबणाऱ्या बादलीतून पाण्याचे चार थेंब पडले असतील.

चारांतलं एक नर निघालं. त्याचा पराग तिनं जुन्या रंगाच्या ब्रशनं बाकीच्या तिघींच्या खालच्या फांद्यांना लावला आणि नराला उपटलं. जुनिपर फोनवर हसली. "आई, बिया धरलेला माल कोण घेणार?" घेणाऱ्याचा प्रश्नच नव्हता. मग सुरू झालं खरं काम. झाडांच्या पोटातली पानं तिनं काढून टाकली, आरपार उजेड दिसेपर्यंत. फाटक्या चादरीच्या पट्ट्या करून फांद्या बाहेर ओढून बांधल्या, म्हणजे एकीचा तुरा दुसरीला टेकणार नाही. पाणी फक्त मुळाशी आणि फक्त सकाळी. अळ्या हातानं वेचल्या, कारण अळी तुऱ्यात शिरली की तिच्या घाणीत कूज पहिली जन्मते. आणि रोज उजाडताना वर जाऊन एकेक झाड बुंध्याशी धरून हलवायचं, दव खाली पाडायचं. ती तिघींशी बोलायची. "हल गं खेचरा, तुझ्या बापाला सकाळी उठवायलाही एवढाच त्रास होता." बाकीचं वारा करायचा.

ऑक्टोबरच्या पहिल्या पावसात दोन तुऱ्यांना कूज लागली. तिनं पिवळं पान ओढून बघितलं, आत राखाडी दिसताच पिशवी तुऱ्यावरून घातली, वीतभर खालून कापलं, पिशवीचं तोंड बांधलं, कात्री स्पिरिटनं पुसली. झाडावर तो तुरा हलवलादेखील नाही. हलवला की कूज धुरासारखी उडते. खालच्या खोऱ्यात तोवर सगळ्यांचं कापून झालं होतं. लोक शेडमध्ये गप्पा मारत पानं छाटत बसले होते, आणि वळणावरून जाताना मान वर करून टेकडीकडं बघत होते. काही जण पैज लावत होते म्हणे.

मग मोठ्या वादळाची बातमी आली. जुनिपर फोनवर नव्हे, स्वतः गाडी हाकत आली.

"आई, आजच्या आज काप. तीन दिवस पाऊस आहे. आपण दोघी मिळून कापू, संध्याकाळपर्यंत होईल."

नडीननं तिला हाताला धरून धारेवर नेलं. खालच्या फांदीवरचं एक बी काढलं आणि नखानं फोडलं. आत पांढरट, दुधाळ, कच्चं.

"हे बघ. आठदहा दिवस हवेत अजून. आज कापलं तर खेचर आज मेलं."

"आणि नाही कापलं तर पावसात मरेल."

"मरेलही. पण मी नाही मारणार."

"हा शुद्ध हट्ट आहे."

"हो. हट्टच आहे. तुला काय वाटलं, खेचर कशाच्या जोरावर आजवर जगलं?"

 जुनिपरनं गाडीतून रेनकोट काढला. "पट्ट्या कुठं आहेत?" तिनं विचारलं. दोघींनी दुपारभर फांद्या पुन्हा आवळून बांधल्या, बुंध्यांना खांबांचा आधार दिला. कपड्यांची दोरीही सोडून त्यातच वापरली.

पाऊस आला तो दक्षिणेकडून, आडवा. पहिल्याच दिवशी सर्वांत पुढचं झाड बुडातून मोडलं. वाऱ्यानं दिलं ते वाऱ्यानंच नेलं. उघड्यावर राहायचं म्हणजे त्याचीही किंमत असते आणि नडीननं ती कुरकुर न करता मोजली. पावसानं जरा उसंत दिली की ती आणि जुनिपर वर जायच्या, दोन्ही झाडं हलवायच्या, पाणी झाडायच्या, पिवळी पानं शोधायच्या. दुसऱ्या झाडाच्या मधल्या फांदीत कूज शिरली. आधी दोन तुरे गेले, मग फांदी, मग दुसरी फांदी. शेवटी त्या झाडाला बुंधा आणि वरचा झुपका एवढंच उरलं आणि तोही तिसऱ्या दिवशी राखाडी झाला. नडीननं ते झाड स्वतः कापलं आणि लांब नेऊन पुरलं. 

चौथ्या दिवशी पाऊस उघडला. ऊन नव्हतं, पण खिंडीतला वारा परतला, आणि दुपारपर्यंत शेवटचं झाड वाळून सळसळायला लागलं. खाली ओढ्याकाठी अजून धुकं होतं. नडीननं प्रत्येक तुरा दोन्ही हातांत धरून आत बघितलं. एकही पान ओढून हातात आलं नाही.

दहा दिवसांनी तिनं पुन्हा एक बी काढलं. ते टणक होतं, तपकिरी, वर काळ्या रेघा. नखानं फुटेना. तिनं दातांत धरलं तेव्हा कट्कन आवाज झाला. ती चिखलातच खाली बसली आणि झाडाला धरून मोठमोठ्यानं रडली. वळणावरून एक गाडी जात होती, ती हळू झाली. नडीननं तोंड झाकलं नाही.

हॉलिस आला तो दोन दिवसांनी. समोरचा उघडा उतार सोडून तो फरच्या खालून, जुन्या चोरवाटेनं, गुडघा ओढत वर आला आणि झाडीतून एकदम बाहेर पडला. नडीन तुरे पांढऱ्या कापडावर झटकत होती. बिया टपटप पडत होत्या.

"रस्ता होता की सरळ," ती म्हणाली.

"सवय," हॉलिस म्हणाला. त्यानं झाडाकडं बघितलं, एक तुरा नाकाशी धरला आणि तसाच धरून राहिला. "वॉल्टचा कोट," तो म्हणाला. "त्याच्या कोटाला असाच वास यायचा."

"माहीत आहे मला."

"मी पैज हरलो."

"किती?"

"ट्रकभर सरपण. सांगतो पोरांना आणून टाकायला." तो घुटमळला. वाकला, कापडावरच्या बिया बोटानं इकडंतिकडं केल्या. "मला वॉल्टनं एकदा दिलं होतं हे. पहिल्याच वर्षी घालवलं मी. नंतर मागायला तोंड नव्हतं. यातल्या थोड्या देशील?"

नडीनला त्याला कवटाळावंसं वाटलं. चार महिने त्याची बोटं स्टिअरिंगवर चिकटलेली बघून तिच्या मनात जे साठलं होतं ते सगळं त्या एका वाक्यानं विरघळायला लागलं होतं. पण नडीन ती नडीन.

"देते. पण एका अटीवर. रस्त्यावरून दिसेल तिथं लावायचं."

हॉलिसचा चेहरा पडला. "नडीन, नको."

"मग नाही."

"तुला ठाऊक आहे माझ्या घरात काय झालंय. सगळ्यांत जास्त तुला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे म्हणूनच. झाडाखाली लावलंस तर पुढच्या ऑक्टोबरात कुजेल, आणि मी वॉल्टचं बी कुजायला देणार नाही. आणि डेलच्या नावानं तू अजून वीस वर्षं लपून बसलास तर ज्यांनी त्याला नेलं तेच जिंकले, हॉलिस. मला ते बघवत नाही."

"फार कठोर बाई आहेस तू."

"आहे."

वारा सुटला होता. त्यानं बिया उडतील म्हणून तिनं कापडाचे कोपरे दुमडून धरले आणि ती थांबली. हॉलिस खालच्या वळणाकडं बघत होता. एक ट्रक आला, गेला. मग आणखी एक गेला. त्यानं तळहात पॅन्टला पुसला आणि पुढं केला. नडीननं मूठभर बिया त्यावर ओतल्या आणि आपल्या दोन्ही हातांनी त्याची बोटं मिटवली.

"फाटकापाशी लावतो," हॉलिस म्हणाला. "डेल नेहमी म्हणायचा, तिथं ऊन चांगलं येतं. मीच लावू दिलं नाही कधी."